लाल गाडीचा दम कोणी चोरला?

मीरा रोडच्या शांती नगरात आजच्या घडीला तीन मोठी डोकी आहेत. एक गणिताचे क्लास घेणाऱ्या सरांचं, एक नाक्यावरच्या सलूनच्या पाटीवर रंगवलेलं आणि तिसरं माझं. नम्रपणा हा माझा स्वभाव असल्यामुळे मी स्वतःला तिसऱ्या नंबरावर ठेवलं आहे.

मी राघो नाचणेकर. मूळ गाव रत्नागिरीकडचं, हल्ली मुक्काम नवप्रभा सोसायटी, पहिला मजला. एकतीस वर्षं मी विजेचे मीटर वाचले. लोकांना वाटतं मीटर वाचणं म्हणजे आकडे उतरवणं. साफ चूक. मीटर हा त्या घराचा कबुलीजबाब असतो. "आम्ही एसी लावतच नाही हो," असं एखादी बाई गळ्याची शपथ घेऊन सांगत असते आणि तिच्या पाठीमागे तिचंच मीटर गरगर फिरत असतं. अशी एकतीस वर्षं काढल्यावर माणूस एक तर वेडा होतो किंवा डिटेक्टिव्ह होतो. माझं नेमकं काय झालं याबद्दल आमच्या घरात दोन मतं आहेत.

रिटायर झाल्यापासून मी सोळा केसेस हाताळल्या. त्यातल्या चौदांचा तपास अजून चालू आहे. एक तक्रारदाराने हात जोडून मागे घेतली. आणि सोळावी, आमच्या दारातून दुधाची पिशवी चोरीला गेल्याची, ती माझ्या बायकोने म्हणजे सुलूने सोडवली. पिशवी आमच्याच फ्रीजमध्ये होती. मी दूधवाल्याचा पाठलाग करत थेट खारी गावापर्यंत गेलो होतो, ही गोष्ट ती अजूनही येईल त्या पाहुण्याला सांगते.

सतरावी केस आली ती एका सोमवारी संध्याकाळी. दारात तिसऱ्या मजल्यावरचा जितेश उभा होता आणि त्याच्या मागे त्याचा बाप, म्हणजे माझा तीस वर्षांचा दोस्त दशरथ.

"थांब," मी जितेशला हात करून म्हणालो. "बोलू नकोस. तू आत्ता ठाण्याहून येतोयस."

"काका, मी रोजच ठाण्याहून येतो. ऑफिस आहे तिथे."

"आणि तुझ्या उजव्या पायाला दुखापत झालीय. लंगडत जिना चढलास."

"चपलेचा अंगठा तुटलाय."

"म्हणजे पायाचंच प्रकरण," मी म्हणालो आणि वहीत टिपून घेतलं. आतून सुलूने भांडं जरा जोरातच आपटलं.

जितेशची अडचण त्याच्या गाडीची होती. आता ही गाडी म्हणजे काय चीज आहे ते सांगायला हवं. लाल रंगाची, छोटीशी, पाच दरवाजांची आणि तेरा वर्षांची. कंपनी परदेशी, ते मॉडेल केव्हाच बंद झालं. दिसायला साधी, पण आत टर्बो लावलेलं दांडगं इंजिन. अशा गाडीला हॉट हॅच म्हणतात असं जितेशने मला सांगितलं होतं. हॉट म्हणजे इंजिन तापतं असं समजून मी त्याला पाण्याची बाटली जवळ ठेवायचा सल्ला दिला होता.

जितेश चौदा वर्षांचा होता तेव्हा त्याने या गाडीचा फोटो मासिकातून कापून कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवला होता. लग्नाची बोलणी करायला गेला तेव्हा इशिताला त्याने नोकरीबद्दल दोन मिनिटं सांगितलं आणि या गाडीबद्दल वीस मिनिटं. तरी तिने होकार दिला, म्हणजे मुलगी किती सोशिक आहे बघा. सहा महिन्यांपूर्वी ठाण्यातल्या एका दातांच्या डॉक्टरकडून त्याने ती गाडी घेतली. ज्या दिवशी ती सोसायटीच्या गेटमधून आत आली, त्या दिवशी हा एकतीस वर्षांचा घोडा गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून रडला. मी बाल्कनीतून स्वतः पाहिलं.

रोज वापरायला मात्र ती गाडी म्हणजे नाजूक पाहुणीच. खालून इतकी बसकी की शांती नगरातला प्रत्येक स्पीडब्रेकर तिरका घ्यावा लागतो. सोसायटीच्या उतारावर पोट घासू नये म्हणून इशिता रोज गेटवर उतरून चालत आत येते. सस्पेन्शन एवढं कडक की रस्त्यावर कोणी टाकलेलं पेरूचं बी मागे बसणाऱ्याला कळतं. साधा आरसा बदलायचा तर पार्सल दिल्लीहून येतं आणि तेही उजव्याऐवजी डावा. पण जितेशची कशाबद्दल म्हणून तक्रार नव्हती. "काका, घोडबंदरला एकदा पाय दिला ना, की सगळं वसूल," असं म्हणून तो हसायचा. तेच हसू गेल्या तीन आठवड्यांत गायब झालं होतं.

"गाडी ओढत नाहीये काका," तो म्हणाला. "पूर्वी गायमुखची चढण तिसऱ्या गिअरमध्ये सटकन चढायची. आता मरतेय. तीन गॅरेजं झाली. पहिला म्हणाला टर्बो गेला. दुसरा म्हणाला इंजेक्टर. तिसरा, तो काशीमिऱ्याचा शिवा, त्याने कॉम्प्युटर लावला. कॉम्प्युटर म्हणतो गाडी एकदम फिट आहे."

"मग?"

"मग शिवा म्हणाला, कॉम्प्युटरच बिघडला असेल."

"आणि इशिता?"

जितेशने मान खाली घातली. "तिने रविवारपर्यंतची मुदत दिलीय. रविवारपर्यंत काय झालंय ते कळलं नाही तर गाडी विकायची. दुसऱ्या मजल्यावरच्या हंसाबेन घ्यायला तयारच बसल्यात."

चौदाव्या वर्षापासूनचं स्वप्न आणि मुदत सहा दिवसांची. मी उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"तू योग्य ठिकाणी आलायस," मी म्हणालो.

"मला बाबांनी पाठवलं," जितेश म्हणाला. "म्हणाले, राघोकाकांनाच दे."

मी दशरथकडे पाहिलं. त्याने मान डोलावली. छाती भरून आली माझी. दशरथ सत्तावीस वर्षं भाईंदर पूर्वेला एका ट्रान्सपोर्ट कंपनीत सुपरवायझर होता. चाळीस टेम्पो आणि चाळीस ड्रायव्हर त्याच्या हाताखालचे. असा माणूस पोराची गाडी माझ्या भरवशावर सोपवतो, याचा अर्थ ज्याला समजायचा त्याला समजला असेल. सुलूला समजला नाही. ती म्हणाली, "भावोजी, तुम्हीच का नाही बघत? तुमचा जन्म गेला गाड्यांत."

"नाही वहिनी," दशरथ घाईघाईने म्हणाला, "माझे ते डिझेलचे टेम्पो. हे कॉम्प्युटरचं काम. आणि राघोसारखं डोकं कुठे आहे आपल्याला?"

मी लगेच त्याला असिस्टंट म्हणून नेमलं.

मंगळवारी घटनास्थळाची पाहणी केली. बॉनेट उघडलं. आत इंजिन होतं. निदान जे होतं ते इंजिनच आहे असं दशरथ म्हणाला. मग जितेशने आम्हा दोघांना मागे बसवलं आणि गाडी घोडबंदर रोडला घेतली. मागची सीट अशी की माझे गुडघे माझ्या कानाशी आले. गायमुखची चढण लागली आणि गाडीने मान टाकली. इंजिन नुसतं गुरगुरत होतं. आमच्या शेजारून पाण्याचा टँकर पुढे गेला, तोही गळका. टँकरवाल्याने वाकून आमच्याकडे पाहिलं आणि हॉर्न वाजवून 'या मागून' अशी खूण केली.

"पाय दे ना जरा!" मी ओरडलो.

"पूर्ण दिलाय काका! पेडल टेकलंय खाली!"

मी वहीत लिहिलं, 'पेडल टेकलेलं. चालक निर्दोष.' दशरथ खिडकीबाहेर बघत होता. "असू दे रे, पोहोचतोय ना," तो म्हणाला. "एवढी घाई कोणाला आहे?" पोराला धीर देण्याची त्याची ही पद्धत मला फार आवडली.

माझा पहिला निष्कर्ष त्याच संध्याकाळी तयार झाला. गाडी तीच, रंग तोच, पण दम नाही. याचा अर्थ कोणीतरी आतलं इंजिन काढून नेऊन त्या जागी दुसरं, हलकं इंजिन बसवलं. आणि गाडीला रोज हात लावणारा माणूस एकच, गाड्या धुणारा धाकू. खारी गावातला, साठीचा, विडी ओढणारा. मी त्याला पार्किंगमध्ये गाठलं.

"धाकू, हातांना काळं काय लागलंय?"

"सायकलची चैन पडली व्हती."

"सायकलची की इंजिनची?"

"इंजिन?" धाकूने बालदी खाली ठेवली. "सायेब, माज्याच्यानं भरलेली बालदी उचलवत न्हाय. अर्धी भरून दोनदा आनतो. इंजिन कुटं उचलू?"

"साथीदार असतील," मी दशरथला हळूच म्हणालो.

"असू शकतं हं," दशरथ म्हणाला. "बारकाईने बघ. दोन-तीन दिवस तरी नजर ठेवायला पाहिजे."

बुधवारी मी दिवसभर धाकूवर नजर ठेवली. त्याने अकरा गाड्या धुतल्या, चार विड्या ओढल्या आणि पाचव्यांदा मी खांबामागून डोकावलो तेव्हा माझ्यासाठीही चहा आणला. चहा चांगला होता. मी त्याला संशयितांच्या यादीतून काढलं.

गुरुवारी दुसरा निष्कर्ष. दम गेलेला नाही, वजन वाढलंय! गाडीत कोणीतरी काहीतरी जड लपवलंय. सोनं असेल, मूर्ती असेल. दशरथला हे ऐकून एवढा आनंद झाला की त्याने माझ्याशी हस्तांदोलन केलं. आम्ही डिकी उघडली. आत इशिताच्या माहेराहून, रोह्याहून आलेलं तांदळाचं पोतं निघालं, एक फुटकी छत्री, जितेशचे व्यायामाचे डंबेल्स आणि दिल्लीहून आलेला तो डावा आरसा. सगळं बाहेर काढलं. पोतं तिसऱ्या मजल्यावर आम्ही दोघांनीच चढवलं. आमच्या सोसायटीला लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्यावर दशरथच्या पाठीत उसण भरली, माझ्या गुडघ्याने राजीनामा दिला आणि हंसाबेन दार उघडून म्हणाल्या, "राघोभाई, चावल बेच रहे हो क्या? पांच किलो देना."

रिकामी गाडी घेऊन जितेश पुन्हा गायमुखला जाऊन आला. या वेळी त्याला शाळेच्या बसने मागे टाकलं. मागच्या काचेतल्या पोरांनी जीभ काढून दाखवली म्हणे.

"अहो," सुलू रात्री जेवताना म्हणाली, "गाडी तीन आठवड्यांपूर्वी बिघडली ना? मग तीन आठवड्यांपूर्वी त्या घरात काय झालं ते विचारा की."

"तपास असा होत नाही," मी म्हणालो. "आमटी वाढ."

शुक्रवारी माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. गाडी बिघडल्याने फायदा कोणाचा? कोणाला रोज गेटवर उतरून चालावं लागतं? कोणी मुदत घातली? इशिता! घरातलंच माणूस! मी दशरथला जिन्यात गाठून हे सांगितलं, तेव्हा प्रथमच त्याचा चेहरा उतरला.

"तिचं नाव नको घेऊस राघो," तो म्हणाला. "चांगली पोर आहे ती."

"दशरथ, सत्य कडू असतं."

"अरे, पण धाकूचं अजून पुरतं झालं नव्हतं ना? सायकलचं बघ. त्या सायकलमध्ये काहीतरी आहे."

पण मी आता मागे हटणार नव्हतो. शनिवारी इशिता भाजी आणायला निघाली. चेहऱ्यासमोर वर्तमानपत्र धरून मी तिच्या मागे गेलो. तिने मेथी घेतली, गवार घेतली, मग सरळ माझ्याकडे येऊन म्हणाली, "काका, एवढं जवळून वाचताय, चष्म्याचा नंबर वाढलाय का?" मग पिशवी खाली ठेवून हळू आवाजात म्हणाली, "सापडलं का हो काही? मला गाडी नको असं नाहीये. मलाही आवडते ती. पण हा रोज ऑफिसातून येतो, गाडीत तसाच बसून राहतो अर्धा-अर्धा तास. मला त्याचं तोंड बघवत नाही. म्हणून म्हटलं, एकदाचं काय ते होऊन जाऊ दे."

तिचे डोळे भरले होते. कसलेला गुन्हेगार असाच रडतो, असं मी वहीत लिहिलं. खरं सांगायचं तर लिहिताना मला जरा लाजच वाटली.

रविवारी सकाळी अकरा वाजता मी सगळ्यांना सोसायटीच्या ऑफिसात बोलावलं. जितेश, इशिता, दशरथ, धाकू, आणि सुलू, जी केवळ गंमत बघायला आली होती. हंसाबेनही आल्या, हातात पेढ्यांचा पुडा घेऊन. हंसाबेन फरसाण करून विकतात, वय चौपन्न, आणि गेले दोन महिने ड्रायव्हिंग शिकतायत. त्यांच्या मोटर ट्रेनिंग स्कूलचे दोन मास्तर आतापर्यंत नोकरी सोडून गेले आहेत.

"हंसाबेन," मी म्हणालो, "गाडीत दम नाही हे माहीत असूनही तुम्ही ती का घेताय?"

"अरे इसी लिये तो!" त्या म्हणाल्या. "मेरे को कब से ऐसी गाडी चाहिए थी, जो भागती नहीं. बाकी सब गाडी पाव लगाया के भागती है. ये एकदम संस्कारी है."

जितेशने डोळे मिटून घेतले.

"चावी दे ना जितेस, तुम लोग मिटिंग करो, मैं जरा बैठ के देखती हूं." चावी घेऊन हंसाबेन खाली गेल्या.

मी घसा साफ केला. अर्धा तास मी बोललो. धाकू निर्दोष कसा, तांदूळ निर्दोष कसे, हे क्रमाने उलगडून दाखवलं. धाकू दोनदा पेंगला. मग मी खिडकीशी जाऊन सगळ्यांकडे पाठ केली. "आणि आता उरतं एकच नाव," मी म्हणालो आणि गर्रकन वळलो. बोट इशिताकडे निघालं होतं, अर्ध्यावरही आलं होतं, तेवढ्यात दशरथ ताडकन उभा राहिला. "राघो, बस्स कर! ती नाही," तो म्हणाला. आणि त्याच क्षणी खालून हॉर्न वाजायला लागला. एकदा, दोनदा, मग थांबेचना.

सगळे धावत खाली गेलो. लाल गाडीचं दार उघडं होतं. दाराबाहेर हंसाबेनच्या चपला शेजारी शेजारी ठेवलेल्या होत्या. विकत घ्यायची गाडी म्हणजे लक्ष्मी, तिच्यात चपला घालून बसायचं नाही, म्हणून बाई अनवाणी आत बसल्या होत्या. सीट पार पुढे ओढलेली, छाती स्टिअरिंगला टेकलेली आणि मान खाली घालून त्या आपल्या पायांकडे बघत होत्या. शिकाऊ माणूस, पायांकडे बघितल्याशिवाय त्यांना कुठलं पेडल कुठलं ते कळत नाही.

"ए जितेस," त्या म्हणाल्या, "ये रेस के नीचे क्या रखा है? मेरे अंगूठे को लगता है."

जितेशने गुडघे टेकून आत हात घातला. मॅट उचलली. मॅटखालचं कार्पेट उचललं. आणि त्याने बाहेर काढल्या जुन्या टायरच्या रबराच्या तीन पट्ट्या. एकावर एक नीट चिकटवलेल्या, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. अ‍ॅक्सिलरेटरचं पेडल त्यांच्यावर येऊन टेकत होतं, अर्ध्या वाटेतच. तीन गॅरेजवाल्यांनी बॉनेट उघडलं होतं, कॉम्प्युटर लावला होता, पण गाडीची पायपुसणी उचलायचं कोणाच्या बापाला सुचलं नव्हतं. मलाही.

मी ताबडतोब पट्ट्या हातात घेतल्या. "काम अनुभवी माणसाचं आहे," मी म्हणालो. "धारदार सुरी, डावखुरा हात. धाकू, तुझा भाऊ चपला शिवतो का?"

"माझ्या आहेत त्या," दशरथ म्हणाला.

धाकूने विडी विझवली.

"कंपनीत असंच करायचो," दशरथ जमिनीकडे बघत म्हणाला. "ड्रायव्हर टेम्पो उडवायला लागला की पेडलखाली पट्टी घालायची. पण एकदम नाही. पहिल्या आठवड्यात एक, मग दुसरी, मग तिसरी. एकदम घातली की त्याला कळतं. हळूहळू घातली की त्याला वाटतं, गाडीच म्हातारी झाली."

"बाबा," जितेश म्हणाला, "पण का?"

"महिन्याभरापूर्वी डोंगरी गावाला साखरपुड्याला गेलो होतो आपण. आठवतं? येताना त्या वळणावर तू एका बसला ओव्हरटेक केलंस. समोरून रिक्षा आली. तू हसत होतास. मी डोळे मिटून घेतले होते." दशरथने तोंडावरून हात फिरवला. "भीती वाटते रे मला. तुझी आई गेली. तुम्ही दोघं रोज सकाळी एकाच गाडीतून जाता. काही झालं तर माझ्याकडे उरतं कोण?"

"मग सांगायचं ना मला!"

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

जितेशने पट्ट्या माझ्या हातातून घेतल्या. "नाही," तो म्हणाला.

इशिता पुढे झाली आणि सासऱ्याचा हात धरून तशीच उभी राहिली. सुलूने पदर डोळ्याला लावला. मी सुद्धा दुसरीकडे बघितलं. मग एकाएकी माझ्या लक्षात एक गोष्ट आली.

"दशरथ, अरे पण मग केस माझ्याकडे का दिलीस? मी शोधून काढलं असतं तर?"

दशरथने मान वर केली. माझा दोस्त प्रामाणिक आहे, हाच त्याचा दोष.

"तू आहेस म्हणजे सापडणार नाही, याची मला खात्री होती," तो म्हणाला. "जितेश आणखी दोन गॅरेज फिरला असता तर कोणीतरी मॅट उचललीच असती. म्हटलं, राघोकडे दिलं की निर्धास्त."

सुलू हसायला लागली ती पार्किंगमधल्या खांबाला धरून. हंसाबेन मात्र चिडल्या होत्या. दम परत आलाय हे कळल्यावर त्या तावातावाने गाडीतून उतरल्या. "अच्छी भली गाडी थी, बिगाड दी तुम लोगों ने!" असं म्हणून पेढ्यांचा पुडा घेऊन वर निघून गेल्या. पेढे जायला नको होते.

जितेशने तीनही पट्ट्या सुट्या करून आत डॅशबोर्डवर ठेवल्या. "बाबा, पुढे बसा," तो म्हणाला. "मी कसा चालवतो ते नीट डोळे उघडे ठेवून बघा. जिथे भीती वाटेल तिथे सांगा. त्या क्षणी पाय काढतो. शपथ."

मागे मी आणि इशिता. केसचा प्रमुख म्हणून मी जाणं भागच होतं. काशीमिरा सोडलं, घोडबंदरचा रस्ता मोकळा मिळाला आणि गायमुखच्या पायथ्याशी जितेशने पाय दिला. बापरे! पाठ सीटला अशी चिकटली की मला माझ्या कमरेचा एकेक मणका मोजता आला. झाडं मागे, टँकर मागे, चढण कधी संपली कळलंच नाही. दशरथने खिडकीवरची मूठ गच्च धरली होती आणि ओठ घट्ट मिटले होते. वर पोहोचल्यावर जितेशने वेग कमी केला आणि घाबरत घाबरत विचारलं, "बाबा? झालं का जास्त?"

दशरथने मूठ सोडली. मग म्हणाला, "तिसऱ्यातून चौथ्यात टाकायची घाई करतोस तू. जरा ओढू दे ना तिला."

जितेशने गाडी कडेला घेतली. त्याला पुढचं दिसत नव्हतं, एवढे डोळे भरले होते. येताना त्याने स्वतःहून एक पट्टी, सगळ्यात पातळ, बापाकडून पुन्हा पेडलखाली बसवून घेतली. "ही तुमची," तो म्हणाला. "राहू दे." गाडी घरातच राहिली. मी वहीत लिहिलं, 'केस सतरा, निकाली.' कोणी निकाली काढली ते लिहायला त्या पानावर जागा नव्हती.

यानंतर दोनेक महिन्यांनी, एका रविवारी, पहाटे नाही म्हणता येणार पण दूध यायच्या जरा आधी, मी बाल्कनीत दात घासत होतो. खाली लाल गाडी आपोआप चालत होती. इंजिन बंद. नीट पाहिलं तर मागून माकडटोपी घातलेला एक माणूस तिला ढकलत होता. आवाज होऊ नये म्हणून न्यूट्रलमध्ये टाकून गेटबाहेर, रस्त्यापर्यंत. मग तो मागेपुढे बघून आत बसला आणि गाडी घोडबंदरच्या दिशेने जी सुटली, ती नाक्यावरची कुत्री भुंकायला उठेपर्यंत दिसेनाशी झाली. तासाभराने परत आली तेव्हा माकडटोपी काखेत होती आणि दशरथ शीळ घालत होता. तीस वर्षांत मी त्याची शीळ ऐकली नव्हती.

मंगळवारी संध्याकाळी इशिता आमच्याकडे आली. मागोमाग दशरथही आला आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून छताकडे बघू लागला.

"काका," इशिता म्हणाली, "गाडीचं काहीतरी गौडबंगाल आहे. सोमवारी सीट मागेपुढे झालेली असते. शनिवारी भरलेलं पेट्रोल सोमवारपर्यंत उतरतं. आणि ती बाबांची पट्टी होती ना पेडलखाली? ती तर गायबच झालीय. जितेश म्हणतोय शिवाला बोलावून कॅमेरा बसवून घेऊ या."

दशरथची नजर छतावरून एकदम खाली आली. मी त्याच्याकडे पाहिलं. मी, राघो नाचणेकर, सतरा केसेस, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला सगळं ठाऊक होतं. गुन्हेगार, हेतू, वेळ, माकडटोपीचा रंगसुद्धा. जीभ नुसती वळवळत होती.

"कॅमेरा कशाला?" मी म्हणालो. "उगाच भानगड. केस माझ्याकडे दे."

"नक्की शोधाल ना काका?"

"शोधेपर्यंत सोडणार नाही," मी वही उघडत म्हणालो. "पहिला संशय धाकूवर."

इशिताच्या डोक्यावरून दशरथने माझ्याकडे बघितलं. माझ्या बुद्धीवर इतका पूर्ण विश्वास मी आजवर कोणाच्याच डोळ्यांत पाहिला नव्हता.